नोत्र दामला तिकीट नाही, मग हे पैसे कसले मागतायत?

या वेळचा मेलचा ढीग जवळपास सगळा पॅरिसचा आहे, मे महिन्याच्या सुट्टीची विमानतिकिटं निघालेली दिसतायत, आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी एकाच इमारतीबद्दल विचारलंय. तेव्हा आयफेल टॉवर आणि डिस्नीवाल्यांनी जरा धीर धरा, तुमचा नंबर पुढच्या अंकात. आज फक्त नोत्र दाम कॅथेड्रल, म्हणजे पॅरिसचं मुख्य चर्च, आणि त्याच्या आजूबाजूचं, तेही पाकीट फार हलकं न करता.

प्रश्न : ताई, आम्ही पाच जण पॅरिसला चाललोय. मी, मिस्टर, मुलगा तेरा वर्षांचा, मुलगी आठ वर्षांची आणि सासूबाई. व्हिसाच्या फीमध्येच माणशी 90 युरो गेले, मुलीचे 45, त्यामुळे आता प्रत्येक गोष्टीला हात आखडता. एका साइटवर नोत्र दामचं 'स्किप द लाइन' तिकीट माणशी 28 युरो दाखवतंय. मिस्टर म्हणतात घेऊन टाक, रांगेत कोण उभं राहणार सुट्टीत. घ्यावं का? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : अजिबात नका घेऊ. नोत्र दामला आत जायला तिकीटच नाहीये हो, कोणालाच नाही, तुम्हाला नाही, फ्रेंच माणसालाही नाही. पाच जणांचे 140 युरो म्हणजे युरो शंभरच्या आसपास धरला तरी चौदा हजार रुपये, आणि ते कशाचे तर फुकट असलेल्या दाराचे. अशा साइट्स जे विकतात ते बहुतेक वेळा गाइडबरोबरची टूर असते, कधी मोबाइलवर ऐकायचा ऑडिओ असतो, आणि बारीक अक्षरात कुठेतरी लिहिलेलं असतं की कॅथेड्रलचा प्रवेश मोफत आहे. गाइड चांगला असेल आणि तुम्हाला गाइड हवाच असेल तर ते पैसे देणं वेगळं, पण रांग चुकवायला म्हणून देऊ नका.

रांग चुकवायची सोय कॅथेड्रलनेच फुकट करून ठेवलीय. त्यांच्या अधिकृत साइटवर किंवा ॲपवर वेळ बुक करता येते, पण ती त्याच दिवसाची किंवा पुढच्या दोन दिवसांचीच मिळते, त्यामुळे डोंबिवलीत बसून महिनाभर आधी बुक करायला गेलात तर काहीच दिसणार नाही आणि मग माणूस घाबरून त्या 28 युरोवाल्या बटणावर बोट दाबतो, नेमकं तिथेच त्यांचं फावतं. पॅरिसला पोचलात की हॉटेलच्या वायफायवर सकाळी उठून बघायचं, नाही मिळालं तर थोड्या वेळाने परत बघायचं, लोक कॅन्सल करत असतात. आणि अगदीच नाही मिळालं तरी बुकिंग नसलेल्यांची वेगळी रांग आहे, ती लांबून बघून छाती दडपते पण उभी राहत नाही, सरकत राहते. दिवसाला सरासरी तीसेक हजार माणसं आत जाऊन येतात तिथे, त्यामुळे रांग हलवायची त्यांना सवय आहे.

वेळेचं म्हणाल तर सोमवार ते शुक्रवार सकाळी 7.50 ला दार उघडतं आणि संध्याकाळी 7 ला बंद होतं, शनिवार-रविवार 8.15 ते 7.30, आणि गुरुवारी मात्र रात्री 10 पर्यंत उघडं असतं. हा गुरुवार लक्षात ठेवा. मे महिन्यात पॅरिसला साडेनऊपर्यंत उजेड असतो, जेवून-खाऊन निवांत आठला गेलात तर दुपारची गर्दी ओसरलेली असते, आणि कॅथेड्रलचं तोंड पश्चिमेला असल्यामुळे संध्याकाळचं ऊन थेट दर्शनी भिंतीवर पडतं, फोटो छान येतात. सकाळी दार उघडता उघडता पोचणं हा दुसरा चांगला पर्याय, पण पाच जणांच्या आंघोळी, त्यात सासूबाईंचा चहा, हे सगळं आवरून पावणेआठला तिथे पोचणं, तुमचं तुम्ही बघा.

एक मात्र नक्की सांभाळा. मोठ्या बॅगा आत नेता येत नाहीत आणि त्या ठेवायला आत क्लोकरूम पण नाही. हॉटेल चेकआउट करून ट्रॉली बॅगा ओढत 'जाता जाता बघून घेऊ' असं कराल तर एक जण बॅगांपाशी बाहेर बसणार. छोटी सॅक, पर्स चालते, दारात तपासून सोडतात.

हे फुकट का, असंही बऱ्याच जणांनी विचारलंय, कारण आपल्याला फुकट म्हटलं की संशय येतो. फ्रान्समध्ये 1905 चा एक कायदा आहे, सरकार आणि चर्च वेगळं करणारा, त्यानुसार ही इमारत सरकारच्या मालकीची आणि वापर मात्र कॅथलिक चर्चचा. 2024 च्या ऑक्टोबरमध्ये तिथल्या संस्कृतिमंत्री रशिदा दाती यांनी पर्यटकांकडून 5 युरो घ्यावेत आणि त्या पैशातून देशातली जुनी चर्चेस दुरुस्त करावीत असं सुचवलं होतं, त्यावर चर्चने सांगितलं की प्रार्थनेला येणारा कोण आणि बघायला येणारा कोण हे आम्ही दारात कसं ठरवणार, दार सगळ्यांना उघडं राहील. मला तरी चर्चचं म्हणणं पटतं. आत दानपेट्या आहेत, तिथे मुलांच्या हातून दोन-चार युरो टाकलेत तरी तुमचे 130 वाचले.

प्रश्न : आम्ही दोघेही निवृत्त शिक्षक, चर्चमध्ये कधी गेलो नाही. चपला बाहेर काढायच्या का? डोक्यावर काही घ्यायचं का? प्रार्थना चालू असली तर आत जावं की नाही? तिथे प्रसाद देतात तो घ्यायचा का? उगाच आपल्या हातून काही चुकीचं व्हायला नको. – एक वाचक, कोथरूड

उत्तर : सर, चपला-बूट पायातच ठेवायचे. देवाच्या दारात बूट घालून जायला आपल्याला कसंसंच होतं, पण तिथे अनवाणी गेलात तर थंडगार फरशीने पाय गोठतील. पुरुषांनी टोपी काढायची, मग ती मंकी कॅप असली तरी, बायकांना डोकं झाकायची सक्ती नाही. मॅडमनी साडी नेसली असेल तर प्रश्नच नाही, फक्त अगदी तोकडे कपडे नकोत.

प्रार्थना चालू असताना बंद नसतं. मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, रोज होते, संध्याकाळी साडेपाचला व्हेस्पर्स म्हणजे सायंप्रार्थना असते आणि सहाला मिस्सा, तेव्हा मधल्या भागातल्या खुर्च्या प्रार्थनेला बसणाऱ्यांसाठी असतात आणि बघणारे कडेकडेने फिरत असतात. माझं तर म्हणणं, मुद्दाम साडेपाचच्या सुमाराला जा आणि एका खुर्चीवर बसा. कोणी धर्म विचारत नाही. फ्रेंच कळत नसलं तरी काही बिघडत नाही, गाणारा आवाज वर त्या 33 मीटर उंच कमानीला जाऊन परत येतो ते ऐकायला भाषा लागत नाही, आणि ऑर्गन वाजला तर मग विचारूच नका, जवळपास 8,000 पाइप आहेत त्याला, सगळ्यात खालचा सूर कानाआधी खुर्चीतून जाणवतो. हीच मैफल बाहेर तिकीट काढून ऐकायला गेलात तर काय पडेल बघा.

सगळे उठले की उठायचं, बसले की बसायचं. मिस्सामध्ये शेवटी लोक रांगेने पुढे जातात आणि फादर त्यांना छोटी पांढरी चकती देतात, तो ख्रिस्तप्रसाद फक्त कॅथलिक लोकांसाठी असतो, तेव्हा आपण जागेवर बसून राहायचं. आपल्याकडे प्रसाद नाकारला तर वाईट दिसतं, तिथे उलटं आहे. मेणबत्ती लावायला मात्र कोणालाही हरकत नाही, बाजूला पेटी असते त्यात पैसे टाकून लावायची. फोटो चालतात, फ्लॅश नको, आणि प्रार्थनेला बसलेल्या माणसाच्या तोंडासमोर फोन नको, एवढं तर तुम्ही वर्गात शिकवलेलंच असणार.

प्रश्न : मुलांना घेऊन चर्च बघायला जायचं म्हणजे पाच मिनिटांत "चल ना आई, भूक लागली" सुरू. आमचा मोठा म्हणतो की सगळी चर्चेस सेमच असतात, गोव्यात बघितलंय की. त्याला नक्की काय दाखवू? – दोन मुलांची आई, ठाणे

उत्तर : गोव्यातलं से कॅथेड्रल बघितलं असेल तर बरंच आहे, त्याला एकच बुरूज आहे ना, दुसरा 1776 मध्ये पडला तो परत बांधलाच नाही. आता त्याला सांग की पॅरिसवाल्यांचंही पडलं, जळून पडलं, आणि त्यांनी पाच वर्षांत परत उभं केलं. इथून सुरुवात केलीस तर पोरगं ऐकेल, कारण ती आग त्याच्या हयातीतली आहे. 15 एप्रिल 2019 ची संध्याकाळ, छप्पर पेटलं आणि मधला उंच सुळका, म्हणजे स्पायर, जळत जळत आत कोसळला, जगभर लाइव्ह दिसलं होतं ते. यूट्यूबवर घरीच दाखव आणि मग तिथे नेऊन उभं कर.

आत जायच्या आधी बाहेरच अर्धा तास काढा, मुलांसाठी खरी मजा बाहेर आहे. समोर उभं राहिलं की तीन दारं दिसतात. मधल्या दाराच्या वरच्या कोरीव कामात कयामतचा दिवस आहे, त्यात एक देवदूत तराजू घेऊन मेलेल्यांचे आत्मे तोलतोय, आपल्या चित्रगुप्तासारखा हिशोब चाललाय, आणि शेजारचा सैतान हळूच तराजूचं पारडं आपल्या बाजूला खाली ओढायचा प्रयत्न करतोय. मुलांना म्हणायचं तो चीटिंग करणारा शोधा. मग डावीकडच्या दारापाशी एक संत स्वतःचं मुंडकं हातात धरून उभा आहे, तो सां दनी, पॅरिसचा पहिला बिशप, त्याचं डोकं उडवलं तर ते उचलून चालत गेला अशी गोष्ट आहे. दहा-बारा वर्षांच्या मुलाला अजून काय हवं?

दारांच्या वर ओळीने 28 राजे उभे आहेत. हे बायबलमधले यहूदाचे राजे, पण फ्रेंच राज्यक्रांतीत 1793 मध्ये लोकांना वाटलं की हे आपलेच राजे आहेत, आणि राजाचं डोकं तर नुकतंच उडवलेलं, मग यांचीही उडवली. आत्ता दिसतात ते नंतर बसवलेले. खरी मुंडकी गेली ती गेलीच असं सगळ्यांना वाटत होतं आणि 1977 मध्ये पॅरिसमधल्याच एका इमारतीचं काम चालू असताना खोदकामात 21 सापडली, ती आता नदीपलीकडे क्लूनी म्युझियममध्ये ठेवलीत, एकेक डोकं केवढं मोठं आणि नाकं बहुतेकांची तुटलेली.

मग मान वर करायची. भिंतीतून बाहेर झुकलेली जी तोंडं आहेत ती गार्गॉइल, छपरावरचं पावसाचं पाणी भिंतीपासून लांब फेकायला केलेली, पन्हाळच ती, फक्त तिला राक्षसाचं तोंड. ठाण्याहून लोकलने सीएसएमटीला उतरता तेव्हा बाहेर येऊन वर बघितलंत तर तिथेही आहेत, मुलांना जायच्या आधी एकदा नेऊन दाखवा. नोत्र दामच्या वरच्या गॅलरीत कठड्यावर हात टेकून शहराकडे बघत बसलेला तो शिंगवाला प्राणी मात्र पाणी-बिणी काही टाकत नाही, तो नुसता शोभेचा आणि जुनाही नाही, एकोणिसाव्या शतकात व्हियोले-ल-द्युक नावाच्या आर्किटेक्टने डागडुजी करताना बसवलेला. मॅग्नेटवर आणि कीचेनवर तोच असतो सगळीकडे.

हाच व्हियोले-ल-द्युक त्या पडलेल्या सुळक्याचा कर्ता. सुळक्याच्या पायथ्याशी तांब्याचे 16 पुतळे होते, बारा प्रेषित म्हणजे येशूचे शिष्य, आणि येशूचं चरित्र लिहिणाऱ्या चार शुभवर्तमानकारांची चिन्हं, ते सगळे रिपेअरला म्हणून क्रेनने खाली उतरवले 11 एप्रिल 2019 ला. आग लागली 15 ला. चार दिवस! त्यातला संत थॉमस हा आर्किटेक्ट लोकांचा संत, त्याला या पठ्ठ्याने स्वतःचा चेहरा दिलाय, आणि बाकीचे अकरा जण शहराकडे बघतात तेव्हा हा एकटा मागे वळून वर, स्वतःच्या सुळक्याकडे बघतोय. मोबाइलचा झूम लावून हा माणूस शोधायला लावा. अजून वर, 96 मीटरवर, सोनेरी कोंबडा आहे, जुना आगीत पडून चेपला, तो ढिगाऱ्यात सापडला पण परत चढवण्यासारखा नव्हता, म्हणून 2023 च्या डिसेंबरमध्ये नवा बसवला, आणि या नव्या कोंबड्याच्या पोटात दुरुस्तीवर काम केलेल्या सुमारे 2,000 माणसांच्या नावांची यादी ठेवलीय. सुतार, गवंडी, काचवाले, सगळे. मला या सगळ्या प्रकरणात ही गोष्ट सगळ्यात आवडते. बाराव्या शतकात, 1163 च्या सुमाराला काम सुरू झालं तेव्हा बिशप मोरिस द स्युलीचं नाव लिहून ठेवलं गेलं, दगड घडवणाऱ्याचं कोणी लिहिलं नाही.

आत गेल्यावर मुलांना दोनच गोष्टी दाखवा, उगाच प्रत्येक चॅपलपुढे, म्हणजे कडेच्या छोट्या प्रार्थनाखोलीपुढे, थांबवून माहिती वाचून दाखवू नका. एक म्हणजे दगडाचा रंग. आपल्या डोक्यात जुनं चर्च म्हणजे काळोखं, काजळी धरलेलं, आणि इथे आगीनंतर आतली सगळी भिंत धुऊन काढल्यामुळे ती फिकट मलईच्या रंगाची निघालीय, काही लोक नाकं मुरडतात की फारच नवीन दिसतं, पण बांधलं तेव्हा ते नवीनच होतं ना. दुसरी म्हणजे उत्तर आणि दक्षिणेच्या दोन गोल काचखिडक्या, तेराएक मीटर व्यासाच्या, उत्तरेची साधारण 1250 ची आणि तिच्यातली बरीचशी काच मूळची, म्हणजे आपल्याकडे देवगिरीचे यादव राज्य करत होते तेव्हाची. आगीत टिकली. दक्षिणेच्या खिडकीतून दुपारच्या उन्हात जमिनीवर रंग पडतात, मुलगी लहान असेल तर ती त्या रंगात हात धरून उभी राहील आणि तुम्हाला हवी ती पाच मिनिटं मिळतील.

छप्पर आतून दिसत नाही, पण वरचा सांगाडा परत लाकडाचाच केलाय, फ्रान्सच्या जंगलांतून निवडून आणलेले सुमारे 2,000 ओक लागले त्याला, आणि कितीतरी वासे यंत्राऐवजी कुऱ्हाडीने तासले, जुन्या पद्धतीने. पैसा कुठून आला असं मुलगा विचारेल. 3,40,000 लोकांनी देणगी दिली, दीडशे देशांतून. 8 डिसेंबर 2024 ला पहिली मिस्सा झाली.

प्रश्न : नोत्र दामच्या टॉवरवर चढता येतं म्हणे. माझे गुडघे बरे आहेत, सौ.चे नाहीत. पैसे वसूल आहे का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : टॉवर 2025 च्या सप्टेंबरमध्ये परत उघडले. 424 पायऱ्या, लिफ्ट नाही, अरुंद गोल जिना, मध्ये थांबून "अगं जरा दम खाऊ दे" म्हणायला फारशी जागा नाही, तेव्हा वहिनींना नेऊ नका. तिकीट 16 युरोच्या घरात, अठराच्या आतल्यांना फुकट, आणि इथे मात्र बुकिंग आधीच करावं लागतं, टॉवरचा कारभार चर्चकडे नाही, सरकारी खात्याकडे आहे, त्यामुळे खालच्या फुकट रांगेत उभं राहून वर जाता येईल असं समजू नका. हे एक तिकीट मी पैसे वसूल म्हणेन, कारण तुम्ही कोंबड्याच्या आणि त्या शिंगवाल्याच्या जवळ जाता, आणि एमान्युएल नावाची घंटा बघायला मिळते, सतराव्या शतकातली, 13 टनांच्या आसपास वजनाची. नाशिककरांना नारोशंकराच्या देवळातल्या घंटेचं कौतुक आहेच, वसईच्या मोहिमेनंतर आलेली ती चर्चमधली घंटा, तिची ही थोरली बहीण म्हणा.

वहिनींसाठी तोवर नदी ओलांडून समोर रने व्हिव्हियानी नावाची छोटी बाग आहे, बाकं आहेत, कॅथेड्रल पूर्ण दिसतं, आणि टेकू देऊन उभं केलेलं एक झाड आहे, 1601 साली लावलेलं, पॅरिसमधलं सगळ्यात जुनं म्हणतात. तिथे पाण्याची बाटली आणि पुस्तक देऊन बसवा, तुम्ही खाली याल तेव्हा कंटाळलेल्या नसतील. शेजारी कबुतरं फार आहेत, खाऊची पिशवी उघडी ठेवू नका म्हणावं.

प्रश्न : शाकाहारी, चार जण, दिवसाचं बजेट ठरलेलं. कॅथेड्रलच्या आसपास खाणं, फिरणं आणि अजून काय फुकट ते सांगा. – एक वाचक, सांगली

उत्तर : कॅथेड्रलच्या अगदी समोरच्या रस्त्यांवर टेबलखुर्च्या मांडलेल्या कॅफेंमध्ये बसू नका, नुसत्या कॉफीला जे लावतात त्यात दोन गल्ल्या मागे दोघांचं सँडविच येतं. बेकरीतून बॅगेट म्हणजे लांब फ्रेंच पाव घ्या, बरोबर चीज, टोमॅटो, आणि कॅथेड्रल सेन नदीतल्या ज्या बेटावर आहे त्याच्या पश्चिम टोकाला व्हेर-गालांची बाग आहे, पाण्याला लागून, तिथे बसून खा. डब्यातल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी काढलीत तरी कोणी बघत नाही. गरम हवं असेल तर पंधराएक मिनिटं चालत मारे नावाच्या भागात रोझिए रस्त्यावर फलाफल, म्हणजे काबुली चण्याचे वडे, मिळतं, पोट भरतं, पण ती ज्यू वस्ती असल्यामुळे बरीच दुकानं शुक्रवारी संध्याकाळपासून शनिवारी बंद असतात. आणि भाताची आठवण अगदीच अनावर झाली तर गार द्यु नोर रेल्वे स्टेशनच्या मागे ला शापेल भागात तमिळ लोकांची हॉटेलं, डोसा-इडली सगळं, तिथे गणपतीचं देऊळही आहे.

पाणी विकत घेऊ नका, नळाचं पाणी पितात सगळे, रस्त्यात हिरवे कारंजे असतात त्यावर बाटली भरायची. रस्त्यावरची करड्या रंगाची ऑटोमॅटिक टॉयलेट्सही फुकट आहेत, युरोपात हे फार दुर्मिळ.

मेट्रोचं एक तिकीट अडीच युरोच्या आसपास, सिते हे स्टेशन लाइन 4 वर, कॅथेड्रल दोन मिनिटांवर. कागदी तिकिटं जवळपास गेलीत, नाविगो ईझी कार्ड घ्यायचं, पण एका कार्डावर सगळं कुटुंब जात नाही, प्रत्येकाला वेगळं. आठवड्याचा पास 32-33 युरोचा असतो आणि तो सोमवार ते रविवार असाच चालतो. विमानतळाचं तिकीट एका बाजूचं तेरा-चौदा युरो आहे आणि पासात ते धरलेलं असतं, म्हणून सोमवारी उतरून रविवारच्या आत परत निघत असाल तर पास, गुरुवारी उतरत असाल तर नाही.

फुकटात कार्नाव्हाले म्युझियम, पॅरिसच्या इतिहासाचं, चालत जाण्यासारखं. लूव्ह्रला अठराच्या आतल्यांना फुकट पण 2026 पासून युरोपबाहेरच्या मोठ्या माणसांना 32 युरो लावलेत, तेव्हा दोघांनी जायचं का एकाने मुलांना घेऊन जायचं ते घरात ठरवा.

आणि एकाच ठिकाणी पैसे घालायचे असतील तर ते सेंत-शापेल या जुन्या चॅपलला घाला, नोत्र दामपासून पाच मिनिटांवर, त्याच बेटावर. तिथेही युरोपबाहेरच्यांना तिकीट जास्त आहे आणि अठराच्या आत फुकट. वरच्या मजल्यावर भिंतीच नाहीत, काचाच, 15 मीटर उंच, 1,113 चित्रं. ऊन असलेल्या दिवशी जा, ढगाळ असेल तर दुसऱ्या दिवशीचं बुक करा, काचेला ऊन लागतंच. फ्रान्सच्या नवव्या लुई राजाने ते, येशूला क्रुसावर चढवताना डोक्यावर घातला असं मानतात त्या काट्यांच्या मुकुटासाठी बांधलं, 1248 मध्ये पूर्ण झालं, आणि असं म्हणतात की मुकुट विकत घ्यायला जेवढे पैसे गेले त्यापेक्षा कितीतरी कमीत हे चॅपल बांधून झालं. बजेट हुकण्याची परंपरा जुनी आहे.

प्रश्न : आम्ही वसईचे कॅथलिक. माझी आई ऐंशीच्या घरात आहे, तिची एकच इच्छा, नोत्र दामला मिस्सा ऐकायचा आणि तो काट्यांचा मुकुट डोळ्यांनी बघायचा. टूरवाले म्हणतात तो कधी दिसतो याची गॅरंटी नाही. – एक वाचक, वसई

उत्तर : टूरवाल्यांनी कॅलेंडर बघितलेलं दिसत नाही. मुकुट दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी दुपारी दर्शनाला ठेवतात, आणि ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळात तर दर शुक्रवारी. तारखा कॅथेड्रलच्या साइटवर असतात, त्या बघून मगच विमानाचं तिकीट काढा, उलटं करू नका. नवव्या लुईने तो 1239 मध्ये पॅरिसला आणला, आगीच्या रात्री फायर ब्रिगेडच्या लोकांनी आत घुसून बाहेर काढला. एरवी तो मुख्य वेदीच्या मागच्या चॅपलमध्ये नव्याने केलेल्या मोठ्या मखरात असतो, तेव्हा पहिला शुक्रवार हुकला तरी आईंना त्या जागेपुढे बसता येईल, फक्त मुकुट दिसणार नाही. शिवाय चौदाव्या शतकातली मारियामातेची बाळासह मूर्ती, दक्षिणेकडच्या खांबापाशी, ती बघायची राहू देऊ नका, छप्पर तिच्या बाजूलाच कोसळलं आणि तिला काही झालं नाही.

मिस्सासाठी रविवार सोडून साधा दिवस धरा, संध्याकाळचा सहाचा बरा. पाचलाच पोचा, म्हणजे साडेपाचची सायंप्रार्थनाही मिळते आणि पुढची खुर्ची पण. फ्रेंचमध्ये असतो पण आईंना क्रम पाठ असेलच, कुठे काय चाललंय ते त्याच तुम्हाला सांगतील. व्हीलचेअर नेत असाल तर दारावरच्या स्वयंसेवकांना सांगा, रांगेत ताटकळत बसवू नका त्यांना. जपमाळ घरचीच न्या, आतल्या दुकानात महाग पडते. आणि बाहेर चौकात हातात क्लिपबोर्ड घेऊन सही मागणाऱ्या मुली भेटतील, मुक्या-बहिऱ्यांसाठी वगैरे सांगतात, आई सही करायला थांबल्या की दुसरी पर्स उघडते, तेव्हा त्यांचा हात तुमच्या हातात आणि पर्स तुमच्या खांद्यावर ठेवा.